मंगळावरचा माझा खड्डा

भोसरीच्या कारखान्यात मी सतरा वर्षं कास्टिंग तपासते. ओतलेला भाग दिव्याखाली फिरवायचा, बारीक छिद्र दिसलं की खडूने गोल करायचा. घरी इडलीतलीही छिद्रं शोधते म्हणून नवरा चिडवतो.

माझ्या टेबलावरची दुसरी मुलगी डिप्लोमावाली, वयाने बरीच लहान, मला ताई म्हणायची. मंगळ तिनेच दाखवला. यानाने वरून काढलेले फोटो नेटवर फुकट बघता येतात. एकाच जागेचा जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून फरक शोधणारा हौशी लोकांचा एक गट आहे, त्यात ती होती. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. स्वयंपाक उरकला की मी तिच्या खोलीवर जायची आणि दोघी लॅपटॉपपुढे बसायचो. फोटो करडे, लाल काहीच नाही, याचं मला आधी वाईटच वाटलं. पण वाळूच्या वळ्या, एकेक धोंडा इतका स्वच्छ दिसायचा की बाई गं, घड्याळाकडे लक्षच जायचं नाही. माहेरीसुद्धा मला इतकं मोकळं वाटत नाही.

एका गुरुवारी मी एका जागी बोट ठेवलं. जुन्या फोटोत नुसती धूळ होती, नव्यात काळा ठिपका आणि भोवती शिंतोडे. तिने मोठं करून बघितलं, तर ताजा खड्डा. मधल्या काळात तिथे काहीतरी आदळलं होतं. तिने मला मिठीच मारली. माझं नाव रेशनकार्ड आणि गेटपास सोडून कुठेही लागलेलं नाही. इथे तरी लागावं असं फार वाटलं.

आमच्या कारखान्यात पद्धत अशी की जिला दोष दिसला तिने त्या भागाला बांधायचा टॅग, म्हणजे दोषाची चिठ्ठी, भरायचा नाही. ओतणाऱ्यावर कोणी खुन्नस काढू नये म्हणून टेबलावरच्या शेजारणीने तपासायचं, वर शोधणारीचं नाव लिहायचं आणि खाली स्वतः सही करायची. सतरा वर्षांची सवय. मी तिला म्हटलं, तू तपासलंस, तूच पाठव. नावाचं सांगावं लागेल, हे डोक्यातही आलं नाही.

महिन्याभराने कॅन्टीनमध्ये तिचा सत्कार झाला. गटाचं पत्र पडद्यावर दाखवलं, त्यात तिचं एकटीचं नाव. माइकवर ती म्हणाली, ताईंची सोबत होती. सोबत! मी काय तिची पर्स धरून उभी होते? हातातला चहा तसाच ठेवला.

हात धुवायच्या नळाशी तिला गाठलं आणि सरळ विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, इंग्लिशमध्ये सगळं मीच लिहिलं. तुमचं नाव टाकून तुम्हाला काय मिळणार होतं?"

इंग्लिश मला येत नाही, हे खरंच. म्हणूनच जास्त झोंबलं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिला मी धाकटी बहीण मानलं होतं.

वर तीच म्हणाली, "गुरुवारी या ना. अजून एखादा सापडला तर तुमचंही टाकू."

"आता तुझे डोळे वापर," मी म्हटलं.

ती अजूनही ताईच म्हणते, मी कामापुरतं बोलते. त्या दिवसापासून मी मंगळ बघितलेला नाही. तिने नाव खाल्लं त्याहून मला याचा जास्त राग येतो.