पडद्यावरच्या मेंढरांनी माझी हाळी ऐकली

भूत, करणी, भानामती असलं कोणी सांगायला लागलं की मी तिथंच त्याची फिरकी घेते. कंप्युटर शिकणारी पोरगी आहे मी... पुरावा दाखव, मग बोल. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते भर दुपारी, अख्ख्या वर्गासमोर घडलं.

मी पिशोरकडची. घरी मेंढरं आहेत, आबा म्हणजे माझे वडील अजून राखतात. शिकायला संभाजीनगरात, मुकुंदवाडीला खोली करून राहते. गेल्या सेमिस्टरला गेम प्रोग्रॅमिंग हा नवा विषय होता. दोघादोघांनी मिळून एक छोटा गेम बनवायचा. माझी पार्टनर झोया, गुलमंडीची. तिला कार रेसिंग पाहिजे होतं, पण मी हट्टाला पेटले — गेम मेंढरांचाच. खेळणाऱ्यानं बटणं दाबून कळप फाटकातून कुंपणात घालायचा, बस. वर्गातली पोरं "बेंऽऽ" करून चिडवायची.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांसमोर गेम सुरू केला. कळप निघाला आणि फाटकाशी पहिली मेंढी अडकली. ती अडकली म्हणून मागची सगळी अडकली... पुढचीच्या मागं जायचं, असं आम्हीच लिहिलं होतं ना. झोया बटणं दाबून दमली. "यार, मेरा बी साल जाता अब," म्हणून रडवेली झाली. माझ्या हट्टापायी ती नापास होणार होती.

आणि मला लई राग आला, त्या मेंढरांचाच. झोयाला कीबोर्डवरून हात काढायला लावले, उभी राहिले आणि आबा देतात तशी खणखणीत हाळी दिली. "हिर्रऽऽ... चल गं, चल!"

पहिल्या मेंढीनं मान वर केली. नुसती वर नाही — माझ्याकडं वळवली. मान वळवायचं अ‍ॅनिमेशन आम्ही बनवलंच नव्हतं. मग ती फाटकातून आत गेली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, सगळा कळप. कीबोर्डवर कोणाचाच हात नव्हता.

अख्खा वर्ग टेबलं बडवायला लागला. चिडवणारेच शिट्ट्या मारत होते. बाहेरचे सर म्हणाले, "आवाजावर चालणारा गेम? पहिल्याच प्रयत्नात?"

"नाय सर, असलं काही आम्ही लिहिलंच नाय," मी म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी लाजतेय. वर्गात सगळ्यात जास्त मार्क आम्हाला पडले. झोयानं मला मिठी मारून असं गरागरा फिरवलं की माझी चप्पल उडाली.

त्या कंप्युटरला माइकच नाही. नंतर घसा बसेस्तोवर हाळ्या दिल्या, पण मेंढी फाटकाशी अडकते ती अडकतेच. आमच्या सरांनी ओळ न् ओळ वाचली, त्यांनाही काही सापडलं नाही. कोणी म्हणतं लॅग असेल, आधी दाबलेली बटणं उशिरा लागली असतील. लॅगनं कधी मान वळते का? मला तर अजून उमगलेलं नाही.

आबांना फोनवर सांगितलं. म्हटलं, खरी नव्हती हो ती, नुसती चित्रं होती. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"हाळी दिली ना तू, माय? मंग येतीलच की," ते म्हणाले. "पाणी पाजलं का त्यांला?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून गेममध्ये पाण्याचा हौद बांधला.