'इकडे' म्हणजे कुठे, सर?

"'इकडे' म्हणजे कुठे, सर?"

पहिल्याच तासाला पहिल्या बाकावरून हा प्रश्न आला. फळ्यावर 'गेट' नावाची चिन्हं तारांनी जोडून सर्किट काढत मी सवयीने म्हणालो होतो, "ही तार इकडून इकडे जाते." वर्ग हसला. विचारणारा मात्र गंभीर होता. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली, मान किंचित तिरकी, कान माझ्याकडे.

चांदवडकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा जन्मापासून आंधळा. नाशिकला आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला आला होता. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो भराभर प्रोग्राम लिहायचा. तो आवाज इतका वेगात लावलेला असे की आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. त्याची अडचण चित्रांची होती, आणि माझा विषय म्हणजे नुसती चित्रं.

हळूहळू माझं बोलणं बदललं. "डावीकडच्या गेटमधून निघालेली तार खालच्या गेटच्या वरच्या टोकाला मिळते," असं मी सांगू लागलो. फळा नीट न दिसणारे मागच्या बाकांवरचेही खूश झाले. लॅबमध्ये आम्ही डाग द्यायची मऊ सोल्डरची तार पुठ्ठ्यावर चिकटवून सर्किटं तयार केली. तो त्यावर बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "सर, ही तार कुठंच पोचत नाय." मी चष्मा पुसून बघायचो. खरंच पोचलेली नसायची.

मग पहिली परीक्षा आली. त्याचं ऐकून पेपर लिहायला लेखनिक म्हणून अकरावी आर्ट्सची एक मुलगी होती. त्याने सर्किट सांगितलं, तिने बिचारीने चौकोन काढून रेघा मारल्या. चित्रांचे सगळे मार्क गेले.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात आला नाही. विभागात कोणी म्हणालं, "चित्रांच्या प्रश्नांची सूट मागू त्याच्यासाठी." मी फोन केला.

"गावी आलोय, सर. कांदा निवडतोय. तो हाताला कळतो."

"आणि सर्किट?"

"मला कळतं, सर. पण लिहिणाऱ्या ताईला सांगता येत नाय मला." मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला. "आप्पा म्हणतात, राहू दे आता."

मी सूट मिळण्याबद्दल सांगितलं. ते त्याला अजिबात आवडलं नाही. "सूट नको. चित्र सांगायला शिकवाल का?"

सोमवारी तो परत आला. तुम्ही कधी डोळे मिटून, नुसत्या शब्दांनी सांगून कुणाकडून साध्या सायकलचं चित्र काढून घेऊन बघा, म्हणजे त्याने काय मागितलं होतं ते कळेल. दुपारच्या सुट्टीत तो सांगायचा आणि वर्गातलं कुणीतरी जेवढं ऐकू येईल तेवढंच काढायचं. "वरून रेघ मार," म्हटल्यावर एका टारगटाने पानाच्या वरच्या कडेपासून रेघ ओढली. सगळे हसले, तोही हसला. "चूक माझीच. पुन्हा सांगतो." डबे उघडे राहायचे, पोळ्या वाळायच्या, पण खेळ थांबायचा नाही.

सेमिस्टरच्या परीक्षेला लेखनिक म्हणून पुन्हा तीच मुलगी आली. घाबरलेली होती.

"ताई, आधी पान आडवं धर," तो म्हणाला. "घाई नाय आपल्याला."

पेपर संपल्यावर ती मला जिन्यात भेटली. "सर, मला आता गेट काढता येतात," म्हणाली. चेहरा असा, जणू पेपर तिचाच होता. निकाल लागला तेव्हा माझ्या विषयात तो पहिल्या काही मुलांत होता. वर्गाने त्याला उचलून घेतलं. त्याची काठी तेवढा वेळ मी सांभाळली.

शेवटच्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली. ॲप न दिसणाऱ्यांसकट सगळ्यांना वापरता येतं का, ते तपासायचं आणि दुरुस्त करायचं. हॉस्टेलचं सामान न्यायला आप्पा पिकअप घेऊन आले. गादी, ट्रंक, पुस्तकं चढवून झाली. मुलगा पुढच्या सीटवर बसला. आप्पांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, ह्याला दिसत नाय हे त्या लोकांना माहीत हाय ना? मागून काही व्हायला नको."

"माहीत आहे, आप्पा. म्हणून तर घेतलं."

खिडकीतून लगेच आवाज आला, "म्हणून नाय, सर. काम येतं म्हणून."

आप्पा गाडीमागे गेले आणि सामानावरच्या दोरीची चांगली घट्ट बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.