हजार वेळा घसरलेला डोंगर

आमच्या ऑफिसातले किस्से लगेच सांगता येत नाहीत. मध्ये निदान एक पावसाळा सुखरूप जावा लागतो. ज्या वर्षी घडतात, त्या वर्षी कुणाला हसू येत नाही. सगळे एकमेकांची नजर चुकवत चहा पितात. पुढच्या वर्षी कुणीतरी हळूच विषय काढतो, आणि मग एकातून एक निघत जातात. तुम्ही विचारलंच आहे, तर सांगते.

ऑफिस म्हणजे महाडात एका दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. केतकर मॅडम भूगर्भशास्त्रातल्या. मी बिरवाडीची सुजाता, प्रोग्राम लिहिते. आणि दत्ता मोरे, पोलादपूर तालुक्यात आंबेनळी घाटाच्या अंगाला त्याची वाडी. पर्जन्यमापक वाचणं, उतारांवर माती मोजणं त्याच्याकडे. पावसात कुठला उतार घसरू शकतो ते आम्ही काँप्युटरवर काढतो. मातीची खोली किंवा पावसाचा जोर नेमका कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून गणिताच्या लायब्ररीकडून रँडम नंबर मागायचे, त्यांतून हजारो खोटे पावसाळे बनवायचे, आणि डोंगर किती वेळा घसरतो ते मोजायचं. क्वचित घसरला तर हिरवा, बऱ्याचदा तर पिवळा, त्याहून जास्त तर लाल. ती यादी तहसीलला जाते. लाल वाडीतल्या माणसांनी खाली उतरायचं.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी एका उताराचा प्रोग्राम सोमवारी चालवला, मंगळवारी चालवला, बुधवारी चालवला. तिन्ही दिवस शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर. मी खूश होऊन मॅडमना दाखवायला गेले. "बघा, किती पक्कं उत्तर आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "डोंगर इतका शिस्तीचा कधीपासून झाला?"

लायब्ररीचे रँडम नंबर एका सुरुवातीच्या आकड्यापासून निघतात. त्याला सीड म्हणतात. आपण सीड दिलं नाही तर ती लायब्ररी दर वेळी त्याच जागेवरून सुरू करायची. म्हणजे मी तीन दिवस तेच ते पावसाळे पाहून डोंगराला भरवशाचा म्हणत होते. त्या यादीतल्या उतारांखाली माणसं राहतात, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

* * *

दत्ताला हे सगळं समजून घ्यायचं होतं. एकदा तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "ताई, ह्यो आकडा टाकतो कोण?"

मी म्हटलं, कुणी टाकत नाही, एका आकड्यातून पुढचा निघतो. त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आमच्याकडं देवीला कौल लावतात. पाकळी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. पण गुरव एकदाच लावतो. तुम्ही धा हजार वेळा लावता?"

"हो. म्हणून तर भरवसा ठेवायचा."

"गुरवाला एकदा लावतानासुद्धा घाम फुटतो," दत्ता म्हणाला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमची वाडी हाय काय यादीत?"

होती. पिवळी. त्याने मान डोलावली आणि पर्जन्यमापकाची वही घेऊन बाहेर गेला. त्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही.

* * *

माझ्या हातून झालेल्या चुकांत ही मला सगळ्यात लाजिरवाणी वाटते. मातीची खोली सरासरी दोनशे सेंटीमीटर, कमीजास्त पन्नास. लायब्ररीला तो पन्नासच द्यायचा होता. मी पन्नासाचा वर्ग दिला, अडीच हजार. नकाशा आला तो हिरवागार. वरंधच्या बाजूचे जे उतार दत्ताने स्वतः चढून धोक्याचे म्हटले होते, तेही हिरवे.

दत्ताला ते पटेना. त्याने एका उताराचे आकडे वाचून दाखवायला सांगितले. मी वाचू लागले, आणि तिसऱ्या आकड्याला थांबले. मातीची खोली उणे सतरा मीटर.

"उणे म्हंजे?"

"म्हणजे... माती नाहीच."

"माती नाय म्हणून घसरत नाय," दत्ता सावकाश म्हणाला. "आन् माती नाय तर लोक भात कशात लावतात?"

यादी पाठवायला एक दिवस उरला होता. दुरुस्त करताना साधा पन्नास माझ्या हातून दोनदा चुकीचा टाइप झाला.

* * *

ती यादी वेळेत थांबली. पुढच्या वर्षीची थांबली नाही.

मोठं काम लवकर व्हावं म्हणून मी ते काँप्युटरच्या आठ भागांत वाटून दिलं. प्रत्येकाने सीड घड्याळातून घ्यायचं, चालू सेकंदाचा आकडा. आठही भाग एकाच सेकंदाला सुरू झाले. आठांनी तेच पावसाळे पाहिले आणि मी त्यांची बेरीज करून मॅडमना सांगितलं की आता आठपट खात्री आहे. यादी गेली.

दोन आठवड्यांनी, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, मला आठ भागांच्या उत्तरांच्या आठ ओळी तंतोतंत सारख्या दिसल्या. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी येऊन पाहिलं आणि उभ्या उभ्या तहसीलमध्ये फोन लावला. नव्या हिशेबात दोन वाड्या हिरव्याच्या पिवळ्या झाल्या. एक हिरवी होती ती लाल झाली.

त्या लाल वाडीत तलाठी स्वतः चालत गेले, कारण रस्ता बंद होता. माणसं उतरली. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस ही माणसं तिथं तुमच्या हिरव्यावर झोपत होती."

मॅडमनी फोन ठेवला.

* * *

याच्या उलटही झालं. एका दुपारी वरच्या एका गावचे सरपंच कागदावर सही घ्यायला आले होते. ते माझ्या मागे उभे असताना नकाशा आला. सगळा लाल. डोंगर लाल, नदीकाठ लाल, महाडची बाजारपेठसुद्धा लाल.

मी काही बोलण्याआधीच सरपंच फोन कानाला लावून जिना उतरत होते. "समद्यांना भायेर काढ रे. आत्ता. भांडी राहू दे."

कारण सापडायला तासभर गेला. पावसाचा जोर काढताना मी रँडम नंबरचा लॉगरिदम घेत होते. लायब्ररीच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, नंबर शून्य ते एकच्या मधला असतो, शून्य येऊ शकतो, एक येणार नाही. कोट्यवधी नंबरांत एकदा शून्य आला. शून्याचा लॉगरिदम घेतल्यावर पाऊस अनंत झाला, आणि सरासरीत एक अनंत मिसळला की सगळी सरासरीच अनंत.

तोवर गाव भर पावसात शाळेत पोचलं होतं. उतरताना एक म्हातारे घसरून पडले, मनगट मोडलं. मॅडम स्वतः जाऊन सगळ्यांसमोर चूक झाली म्हणाल्या. कुणी रागावलं नाही, त्याचीच मला भीती वाटली. एक बाई शांतपणे म्हणाली, "बरं झालं गो सांगितलंस. पुढल्या टायमाला आम्ही आधी चूक हाय काय ते इचारू, मग उठू."

तेव्हापासून मॅडमनी नियम केला. पक्का आकडा हातात असल्याशिवाय कुणाला एक शब्द बोलायचा नाही.

* * *

आणि मग गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. दत्ताने पर्जन्यमापकाचे आकडे आणले, मी घातले, त्याच्या वाडीचं उत्तर आलं. पिवळी, पण लालला अगदी टेकलेली. मी सीड बदलून पुन्हा चालवलं. लाल. पुन्हा बदललं. पिवळी.

दत्ता मागे उभा होता. "मधी पाऊस बदलला काय?"

"नाही."

"माती?"

"नाही रे. फक्त सीड."

"म्हंजे माझी आई पिवळ्यात हाय का लालमंदी, ते त्या आकड्यावर?"

मॅडम उठून आल्या. त्यांनी त्याला समजावलं की काठावरच्या उताराला दहा हजार पावसाळे कमी पडतात, शंभरपट चालवू, मग सीडने फरक पडणार नाही. "चारपर्यंत पक्कं उत्तर येईल, दत्ता. तोवर थांब."

दत्ता बसला. पाऊस ऐकत अर्धा तास बसला. मग त्याने हेल्मेट उचललं. "तुमचं चालू दे मॅडम. मी घरी जाऊन येतो."

"जाऊन काय सांगशील?"

"पडद्यावर बगितलं ते."

"दोन्ही बघितलंस तू."

तो जिना उतरून गेला. मॅडमनी त्याला परत हाक मारली नाही.

दोनच्या सुमाराला त्याने मला फोन केला. त्याने वाडीत लाल सांगितलं होतं. अकरा घरं निघाली होती. आई म्हशींशिवाय हलेना, म्हणून म्हशी सोडून पुढे घातल्या होत्या. वाट चिखलाची होती, म्हातारी माणसं पाठीवर होती.

चारला उत्तर आलं. पिवळी. लालच्या जवळच होती, पण आता हलत नव्हती. मी तीन वेगळी सीड घालून पाहिली, तिन्ही वेळा पिवळीच. मॅडमनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कळव त्याला."

मी फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे पाऊस होता, एक पोर रडत होतं, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"दत्ता, पिवळी आली. पक्की पिवळी."

मागून कुणा बाईने विचारलेलं ऐकू आलं, "काय म्हणतात रे?"

मग त्याचा आवाज अगदी जवळून आला, फोनवर हात धरल्यासारखा.

"ताई, मॅडमना सांगा, दत्ताला फोन लागला नाय."