बटव्यातला लाल रुपया

ही हकीकत मी आजवर टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. गप्प बसलो असतो तर निदान अब्रूनं बसलो असतो. मी तिच्या जागी दुसरीच सांगत आलो. माझ्या संग्रहात एक रुपयाची एक लाल नोट आहे. ती कुठून मिळाली असं कोणी विचारलं की मी सांगे, तारापूरच्या किनाऱ्यावर एका अरबी गलबताच्या तांडेलानं, म्हणजे कप्तानानं, मला भेट दिली. या तांडेलाची दाढी मी दर वर्षी थोडी वाढवत नेली. नातवंडांपर्यंत येईस्तोवर ती त्याच्या बेंबीला टेकली होती, आणि त्याच्या खांद्यावर एक पोपटही बसला होता.

तांडेल नव्हता. पोपट नव्हता. एक म्हातारी होती आणि तिची सून होती.

मी तेव्हा बोईसर स्टेशनवर तिकीटबाबू होतो. घाटावरून बदली होऊन आलेला, पंचविशीच्या आतला, सरावलीत एका खोलीत राहणारा. पहिला महिनाभर माशाच्या वासानं नाकाला रुमाल लावून तिकिटं विकली. दुसऱ्या महिन्यात सुके बोंबील खायला लागलो आणि रुमाल धुवायला टाकला.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. देशभरची माणसं कामाला येत होती आणि त्यांच्याबरोबर देशभरच्या नोटा माझ्या खिडकीत येत होत्या. मला त्यांचं वेड लागलं. छापताना कागद दुमडल्यामुळे कानासारखा तुकडा राहिलेली नोट. दोन टोकांना दोन वेगळे नंबर असलेली नोट. एका नोटेवर पेन्सिलीनं ‘चुकलो, माफ कर, मंगळवारी येतो’ असं लिहिलेलं होतं. ज्या बाईसाठी लिहिलं तिनं ते वाचलं असणार आणि लगेच त्या नोटेचं रॉकेल आणलं असणार. अशी काही नोट आली की मी खिशातली तेवढ्याच किमतीची नोट गल्ल्यात टाकायचो आणि ती उचलायचो. गल्ला पैशापैशाला जुळायचा. हे नियमात बसतं का, असं मी साहेबांना कधी विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

ओल्या नोटा कंदिलाच्या काचेवर वाळवून मी जुन्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात दाबून ठेवी. आमचा पॉइंट्समन, रेल्वेचे सांधे बदलणारा पोक्त गडी, हे बघून म्हणायचा, “बाबू, नोटा तर सगळंच जग जमवतं. पण एकेक करून जमवणारे तुमीच.”

ती म्हातारी तारापूरकडच्या कोळीवाड्यातली. सुक्या मासळीची पाटी घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं पालघरच्या बाजाराला जायची. तिचा एकुलता एक मुलगा गलबतावर खलाशी होता आणि आखातात गेलेला होता. घरात ती आणि सून. म्हातारीची नजर अधू, जीभ मात्र शाबूत. खिडकीशी आली की बटवा उपडा करायची आणि तंबाखू, सुपारी, चिल्लर यांच्यातून रुपया चिमटीत धरून पुढे करायची.

थंडीचे दिवस होते. खिडकीत अजून कंदीलच होता. म्हातारीनं रुपया दिला, मी तिकीट आणि मोड दिली, ती गाडीकडे पळाली. नोट कंदिलाजवळ नेली तर लाल!

त्या काळी आखातात आपलाच रुपया चालायचा. चोरट्या सोन्याच्या व्यापारात तिथल्या नोटा इकडे परत येऊ लागल्या, म्हणून सरकारनं तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. इकडे त्या चालत नसत. अशा नोटेबद्दल मी नुसतं ऐकलं होतं. गाडी अजून फलाटावर उभी होती. म्हातारीला हाक मारून “मावशी, ही नाही चालत” म्हणणं हे माझं कामच होतं. मी खिशातला रुपया गल्ल्यात टाकला आणि लाल नोट वेळापत्रकात घातली. इथवर माझा गुन्हा फार तर शेंगदाण्याएवढा होता.

दुसऱ्या दिवशी म्हातारी तिकिटाआधी बाकाखाली वाकून शोधायला लागली.

“काय हरवलं मावशी?”

“माझ्या पोराची नोट, बाबू. लाल. जाताना दिलेली. म्हणला, आये, ही मोडू नको, मी येईपर्यंत संभाळ. बटव्यात चिंधीत बांधलेली होती. चिंधी हाय, नोट नाय.”

“इथे दिली असेल चुकून,” पॉइंट्समन म्हणाला.

“मी देईन होय माझ्या हातानं?” म्हातारी त्याच्यावर उसळली. “बटव्याला दोघींचे हात लागतात. एक मी, न दुसरी ती भवानी!”

मग ती माझ्याकडे वळली. “बाबू, तुमी पाह्यली?”

मी म्हणालो, “कसली नोट?”

दोन शब्द. त्यानंतर कंदील घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर बाकाखाली शोधलं. चांगलं पाच मिनिटं शोधलं. म्हातारीनं मला आशीर्वाद दिला. का खोटं बोललो, याला मी पुढे पुष्कळ कारणं तयार केली. खरं एकच. मला ती नोट हवी होती. दोन नंबरांची, कानाची, माफीची अशा सगळ्या नोटा तिच्यापुढे फिक्या होत्या.

चार दिवसांनी म्हातारी पत्र लिहवून घ्यायला आली. गाड्या नसताना मी लोकांची पत्रं लिहून द्यायचो. अक्षर चांगलं होतं आणि दोन बोंबील मिळायचे.

“लिवा. तुझ्या बायकोनं तुझी नोट खाल्ली.”

“खाल्ली असं लिहू?”

“मंग काय, पिली लिवणार?”

“हरवली असेल, असं लिहितो.”

“हरवली? पाय हायत तिला चालत जायला? लिवा तुमी. माहेरी धाडली आसंल, नायतर बांगड्या भरल्या आसतील.”

“मावशी, ती नोट इकडे चालतच नाही. बांगडीवाला घेणार कसा?”

म्हातारी थबकली. क्षणभर वाटलं, सुटलो. सुटली ती सून, पण वाटलं मात्र मी सुटलो असं. मग ती म्हणाली, “तुमाला कसं म्हाईत चालत नाय ती?”

“ऐकलंय,” मी म्हणालो आणि पुढच्या तीन ओळी न थांबता लिहिल्या. सुनेनं नोट खाल्ली, ती उलट उत्तरं देते, तिचा भरवसा धरता येत नाही. माझ्या सुंदर, वळणदार अक्षरात. पत्र लिहिलं त्या टेबलाच्या खणातच वेळापत्रक होतं.

उत्तर यायला तीन-चार महिने लागले. ते वाचूनही मीच दाखवलं. मुलानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की भांडणं ऐकून जीव विटला, मी येईपर्यंत तिला माहेरी ठेव. वाचताना हे वाक्य मी गाळू शकलो असतो. म्हातारीला काय कळणार होतं? पण अक्षर न् अक्षर वाचलं. अशा वेळी माझा प्रामाणिकपणा फार जागृत असतो.

सून मी ती माहेरी निघाली त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली. माझ्याहून लहानच असावी. काखेत गाठोडं, सोबत कोणी नाही.

“एक सफाळे,” ती म्हणाली.

तिकिटावर तारीख मारता मारता मी सवयीनं विचारलं, “परतीचं?”

“ते सासूला विचारा.”

मी हसलो. खरंच हसलो, आणि संध्याकाळी तो किस्सा पॉइंट्समनला रंगवून सांगितला. तो नाही हसला. मोड खिडकीतून सरकवताना तिचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, नोटेचा खण गुडघ्याला लागत होता, आणि मागे रांगेत फक्त एक बोकडवाला होता. त्याच्यादेखत कबुली द्यायला मला लाज वाटली. बोकडाचीही वाटली असेल.

पुढे माझी बदली झाली. पॉइंट्समन कधीतरी भेटला तेव्हा कळलं की मुलगा दोन हंगामांनी आला आणि बायकोला माहेराहून परत घेऊन आला, पण म्हातारीनं मरेपर्यंत बटव्याला सुनेचा हात लागू दिला नाही. शेजारपाजारच्या बायकाही तिच्यासमोर पैसे मोजायच्या नाहीत म्हणे. मी म्हणालो, “अरेरे.” तांडेलाचा जन्म त्याच सुमाराचा.

निवृत्तीनंतर आम्ही पालघरला राहायला आलो. एकदा बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत ती सून दिसली. केस पांढरे, पण “ते सासूला विचारा” म्हणणारी हनुवटी तीच. मी घरी परतलो. आठवडाभर एक वाक्य घोकलं: मावशी, ती नोट माझ्याकडे होती, तुम्ही घेतली नव्हती, मला माफ करा. मग लाल नोट पाकिटात घालून गेलो.

गेल्यावर धीर झाला नाही. वाटलं, नोटच बोलेल. पाव किलो बोंबील घेतले आणि पैशांच्या वर लाल नोट ठेवून पुढे केली.

तिनं ती उलटीपालटी केली, उजेडात धरली आणि शेजारणीला दाखवली. “ही कसली गो? पोरांच्या खेळातली?” मग मला म्हणाली, “बाबा, ही नाय चालायची. दुसरी द्या.”

“तुम्ही अशी नोट कधी पाहिली नाही?”

“नाय बा. आजच पाह्यली.”

ज्या नोटेपायी तिला घराबाहेर काढलं, ती तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. म्हातारीनं चिंधी कधी सोडून दाखवलीच नसणार. मी नोट परत घेतली आणि चालणारी दिली. तिनं पिशवीत मूठभर सुका जवळा वरून टाकला.

“मावशी,” मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. “काय? पुरे ना येवढा?”

“पुरे,” मी म्हणालो.