सीलवरचं कुंकू

त्या डब्याचं झाकण उघडलं तो क्षण आठवला की आजही अंगात वारं शिरतं!

कसबा पेठेजवळच्या पोलीस ठाण्यात होतो तेव्हा. दसरा नुकताच झालेला. सकाळच्या हजेरीलाच एक गृहस्थ तावातावाने आत शिरले. त्यांची मुलगी कबड्डी खेळायची, लहानपणापासून मधुमेही. व्यायामानंतर स्नायू लवकर सावरावेत म्हणून जिममधून अमिनो ॲसिडची पावडर घ्यायची. डब्यावर ‘साखरविरहित’ छापलेलं. तरी साखर भलतीच चढली आणि पोरगी बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात.

“त्या ट्रेनरनेच भेसळ केलीय. आत टाका त्याला!”

ट्रेनरला आणलं. उंचापुरा गडी, पण पार रडवेला झालेला. “साहेब, तिला साखर चालत नाही म्हणून तर इम्पोर्टेड डबा दिला. मला हवं तर आत टाका, पण आधी डॉक्टरांना कळवा, पावडरीतच काहीतरी आहे.”

हे बोलणं मला खरं वाटलं. डॉक्टरांना फोन केला, जिममधला एक न उघडलेला डबा मागवला, अन्न-औषध खात्याचे अधिकारी बोलावले आणि पंचांसमक्ष झाकण फिरवलं. आतलं चकचकीत सील शाबूत होतं. त्यावर लालभडक बोट उमटलेलं. मी नाकाशी नेलं. अहो, कुंकू! खुर्चीतून उठलोच मी.

डबे देणारा वितरक स्वारगेटचा. दुपारच्या आत तो माझ्यासमोर बसला होता.

“थेट परदेशातून येतो माल साहेब. आपण लेबल बघा ना.”

“लेबल राहू द्या. आपल्या त्या परदेशात खंडेनवमीला यंत्रं पुजतात का, तेवढं सांगा.”

सीलवरचं बोट दिसेल असा डबा पुढे सरकवला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ग्लासभर पाणी प्यायला आणि लोणी काळभोरचा पत्ता सांगून मोकळा झाला.

भर दुपारी छापा घातला. पत्र्याच्या शेडमध्ये पिठीसाखरेची पोती, खायचे रंग, कोरे डबे. मधोमध सील मारायचं यंत्र, हळदकुंकवाने माखलेलं, झेंडूचा सुकलेला हार अजून तसाच! मालक हात जोडून म्हणाला, “पोट भरतंय साहेब त्याच्यावर. मशीन हाय, पुजायला नको का?” हसावं की कानाखाली द्यावी, कळेना. मुद्देमाल जप्त केला, पंचनामा केला आणि त्याला गाडीत घातलं.

यंत्रापुढे मनोभावे हात जोडणाऱ्या त्या माणसाला, हा डबा कुणाच्या पोटात जाणार, हे एकदाही सुचलं नव्हतं. तेव्हापासून कपाळावरचा टिळा बघून मी कुणाबद्दल मत बनवलं नाही.

ठाण्यात परतलो तर ट्रेनर अजून बाकावरच बसलेला. तेवढ्यात मुलीचे वडील आले. छाप्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“शुद्धीवर आली,” ते त्याला म्हणाले. “डोळे उघडल्या उघडल्या विचारते, सर कुठे आहेत? मी काय सांगणार? चला, आपणच चला.”

आणि सकाळी ज्याला आत टाकायला सांगत होते, त्यालाच स्कूटरवर मागे बसवून ते हॉस्पिटलकडे निघाले.