पाच गावांचं तोंड

चूक माझी होती. खरं तर चूक हा शब्दही मी सोयीचा म्हणून वापरतोय — चूक नकळत होते, आणि मी केलं ते पूर्ण शुद्धीत केलं. कितीतरी वर्षं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आई गेली तिलाही नाही. अलीकडे सांगितलं, पण ते रस्त्यावर उभं राहून, ओरडून. आणि ओरडून माणूस किती सांगणार? काय केलं एवढंच सांगता येतं. का केलं, ते अजून माझ्याजवळच आहे. ते तुम्हाला सांगतो. तुम्ही ऐकाल असं वाटतं, एवढंच.

मी आदिलाबादकडचा, जैनथच्या पुढचा, पैनगंगेच्या अलीकडच्या पट्ट्यातला. गावात किराण्याचं दुकान, मागं थोडी वांगी, पालक, सांबार — म्हणजे तुमची कोथिंबीर. घरात मराठी, बाजारात हिंदी, सरकारात तेलगू — आमच्याकडे असंच चालतं. माझं पुढचं शिक्षण निर्मलला झालं, वसतिगृहात तेलगू पोरांबरोबर राहिलो, म्हणून मला तेलगू लिहिता-वाचता येते. बाकीच्यांना येते ती बाजारापुरती. कापसाचा भाव कळतो, साहेबाचं बोलणं कळत नाही.

हे सांगतोय, कारण सगळं यावरच झालं.

आमच्या पाच गावांच्या आणि डांबरी सडकेच्या मध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात पोरं गोट्या खेळतात. पावसाळ्यात तो माणूस ओढून नेतो. ओलांडायला दोन उतार — आमच्या गावाशेजारचा वरचा, आणि कौसल्याबाईंच्या गावाशेजारचा खालचा. दोहोंमध्ये दीड कोस काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात तीही बुडते. वरच्या उतारावरून आम्ही आणि एक छोटी वस्ती जायची. बाकीची चार गावं खालच्यानं.

तेव्हा मी आमच्या गावचा सरपंच होतो, आणि कौसल्याबाई त्यांच्या गावच्या. सीट बाईची निघाली म्हणून उभ्या राहिल्या, असं लोक म्हणायचे. बौद्ध घरातल्या, लग्नानंतर कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेल्या. त्यांची धाकटी पोरगी सुनंदा सातवीत होती. सहावीपासूनचं हायस्कूल जैनथला, नाल्यापलीकडं. मोठ्या पोरीचं शिक्षण नाल्यानं खाल्लं होतं. सुनंदाचं त्या खाऊ देणार नव्हत्या. बाईंना पूल पाहिजे होता तो या एका पोरीसाठी — हे त्या कधी लपवायच्या नाहीत.

एकट्या गावाच्या मागणीला कोण विचारतो? ते आधी त्यांनीच ओळखलं. पायी फिरून पाचही सरपंचांना त्यांनी एका जागी बसवलं. आमच्यात किसनराव पटेल सगळ्यांत वडील, त्यांनीच आधी फाटे फोडले. म्हणाले, "पाच गावं एका पुलासाठी बसली, असं कवा झालं हाय काय? आपन तं एका बारशालेबी संगं बसत नाही." बाई म्हणाल्या, "बारसं तुमच्या घरचं असते, पटेल. नाला साऱ्याइचा हाय." म्हातारा हसला, आणि काम झालं. एकच पूल मागायचा, तोही खालच्या उतारावर. मीही हो म्हटलं. पाच ग्रामसभांनी ठराव केला, पाच गावांत दवंडी पिटली. ठरावात 'या नाल्यावर पूल' एवढंच लिहिलेलं. उतारांना सरकारी नाव नसतं, ते फक्त आमच्या बोलण्यात. जागा साहेबांना तोंडी दाखवायची होती. आणि तोंड कोण? मी. किसनरावांनीच म्हटलं, "दत्ता, आमी मुके. तूच आमच्या पाच गावाइचं तोंड."

हैदराबादला आम्ही पाचही जण बसनं गेलो. बाईंनी वाटेसाठी भाकरी आणि ठेचा आणला होता. किसनराव म्हणाले, "हैदराबादले जाऊन ठेचा खाल्ला, हे घरी कोनाले सांगू नका." सगळे हसले. मीही. त्या हसण्यापर्यंत माझ्या मनात काही नव्हतं — हे खरं आहे. पण खरं असून काय उपयोग?

पूल मंजूर करणारा साहेब तेलगूतच बोलायचा, पण वाईट नव्हता. उलट पाच गावं एकत्र आली म्हणून त्याला कौतुक वाटलं. एकेकटी गावं येतात, एकमेकांच्या मागण्या कापतात, मग पैसा तिसरीकडेच जातो, असं तो मला तेलगूत म्हणाला. ते मी सगळ्यांना सांगितलं. बाईंचा चेहरा किती उजळला, काय सांगू.

मग बाई बोलल्या. खालच्या उताराचं सांगितलं. पाणी कसं चढतं ते सांगितलं. मागच्या श्रावणात शाळेतून परत येताना सुनंदाचा पाय सरकला, दप्तरासकट ती खाली गेली. मागून येणाऱ्या गुराख्यानं केस धरून वर काढली. "पोरगी वाचली साहेब, पन तवापासून पान्याले भेते. आंग धुवाले बी भेते." मी शब्दाला शब्द तेलगूत सांगितलं. चांगलं सांगितलं — मला त्या दिवशी फार चांगली तेलगू बोलता येत होती. साहेबानं टेबलावर नकाशा पसरला. सगळी नावं तेलगूत. म्हणाला, हा उतार नेमका कुठं, दाखवा.

आठवताना इथं मी थांबतो नेहमी.

नकाशावर नाल्याची रेघ होती. तिला दोन वाकणं, एकेका वाकणावर एकेक उतार. चार माणसं माझ्याकडे बघत होती आणि एकालाही ती अक्षरं वाचता येत नव्हती. मला कोणी भाग पाडलं नव्हतं. आमच्या गावानं माझ्याकडून तसलं काही मागितलंही नव्हतं. सगळं उघड झाल्यावर लोकांनी माझ्या बाजूनं बोलायला कारणं शोधली — गावाचा दबाव असेल, निवडणूक जवळ होती. यातलं काही नाही. मी बोट उचललं आणि मला दिसलं की ते मी कुठंही ठेवू शकतो. बस, एवढंच. गावात पूल आणणारा माणूस मी होईन, सकाळची पहिली बस माझ्या दुकानासमोर थांबेल, माझा सांबार सुकायच्या आत आदिलाबादच्या बाजारात पोचेल. एवढ्यासाठी.

मी बोट वरच्या उतारावर ठेवलं.

साहेबानं विचारलं, ही जागा पाचही गावांना मान्य आहे ना? मी वळलो. मराठीत म्हणालो, "साहेब विचारतात, पुलाची मागनी साऱ्याइची हाय ना?" त्यांनी एकामागून एक माना हलवल्या. बाईंनी तर हात जोडले. साहेबानं तिथं खूण केली.

सुनंदाचे केस धरून कोणीतरी तिला वर काढलं होतं. त्या केसांनी मी माझ्या गावाला पूल आणला. याला तुम्ही काय म्हणाल? मला शब्द सापडत नाही.

मंजुरी आली, मोजणीची माणसं आली, आणि आमच्या उतारावर खुंट ठोकले गेले. माझ्या गावात पेढे वाटले. बाईंच्या गावात दवंडी पिटली गेली — सरपंचीनबाईला पुलाचा जाब विचारायचा आहे, उद्या सगळ्यांनी पारावर जमावं. मलाही बोलावलं होतं. जायला नको होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मी गेलो नसतो तर लोकांना संशय आला असता. म्हणून गेलो. हेही त्यातच धरा.

बाई पाराखाली उभ्या होत्या. पारावर बसलेल्यांतला एकही 'बस' म्हणाला नाही. कोणी म्हणालं, "वरच्या गावानं तुले किती देल्ले?" कोणी म्हणालं, "पोरीचं दुख इकून आली." किसनरावही होते. ते एवढंच म्हणाले, "आमाले काय समजते? बोलली तं बाईच. आमी माना हालवल्या." बाईंचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं, पण मान हलवल्याचा दोष अंगावर घ्यायचा नव्हता. मग त्यांनी मला विचारलं, "दत्ता, खरं सांग. बाईनं साहेबाले काय सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. आता हा सांगेल आणि मी सुटेन, असं होतं.

मी म्हणालो, "बाईनं जे सांगितलं, तेच मी तेलगूत सांगितलं."

त्यात एक शब्द खोटा नाही. तपासून बघा. आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोललेलो नाही.

त्यानंतर बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना कोणी उभं केलंही नसतं. त्यांच्याच वस्तीतल्या बायका विहिरीवर त्या आल्या की बोलणं थांबवायच्या, असं ऐकलं. सुनंदाची शाळा सातवीवर राहिली. वर्ष उलटलं आणि तिचं भैंशाकडं लग्न लागलं. माझी पोरगी? माझी पोरगी दुकानासमोरून बसमध्ये बसून जैनथला गेली, दहावी झाली. रोज तिला खिडकीत बसलेलं बघायचो आणि हात हलवायचो. ती खूश असायची. तिच्या खुशीकडे बघून मला काय व्हायचं, ते सांगायची मला लाज वाटते. मी स्वतःला म्हणायचो, पूल कुठंतरी होणारच होता ना.

बोलायला भाग पडलं ते दोन पोरांमुळे. पोरं म्हणजे नवे सरपंच. पुढची सडक वाहून गेली, आदिलाबाद डेपोनं बस बंद करायचं ठरवलं, तेव्हा ते माझ्या दुकानात आले. पुन्हा गावं एकत्र करून निधी मागायचा होता. म्हणाले, "काका, तवा तुमीच हैदराबादले गेलते. आताबी तुमीच चाला." मी विचारलं, खालचं गाव येतंय का? तर त्यातला एक हसला. "त्याइले कोन घेते? त्याइची बाई तवा पूल इकून आल्ती." तो तेव्हा शाळेतही जात नसेल. त्याला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही — आणि सगळ्यांनी. मी पारावर पेरलं होतं, ते याच्या तोंडात उगवलं होतं. त्या एका वाक्यापायी पाच गावं पुन्हा एका जागी बसली नाहीत. नंतर मागण्या झाल्या, पण एकेकट्या, एकमेकांना कापत. साहेब म्हणाला होता तशाच.

मी दुकान बंद केलं आणि खालच्या गावाला गेलो. बाई अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. केस पांढरे झालेले. "या दत्ताभाऊ," म्हणाल्या. एवढ्या वर्षांनीही भाऊ. मी उभ्याउभ्याच सांगितलं — नकाशा, बोट, त्यांच्या जोडलेल्या हातांचं मी काय केलं ते. पारावरचं वाक्यही.

सूप थांबलं. मग त्यांनी पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं.

"मले काऊन सांगून राह्यला? मले तं मालूम हाय, मी काय बोलली ते." तुरीतला एक खडा त्यांनी वेचून बाजूला टाकला. "माह्या नावानं डफडं वाजलं व्हतं या गावात. तुह्या नावानं कवा वाजन?"

मी म्हणालो, आजच दवंडीवाल्याला सांगतो.

"नाई," बाई म्हणाल्या. "आमच्या मानसाइनं ते डफडं टाकून देल्लं. का म्हनून टाकलं, ते तुले सांगा लागते काय? आता तुह्या पापासाठी आनखी कोन्या गरिबाच्या गयात अडकवू नको. तुह्या हाताले काय झालं?"

आणि पुन्हा सूप हलायला लागलं. बस म्हणाल्या नाहीत. पाणी विचारलं नाही.

डफडं मी आदिलाबादहून आणलं. माझ्या गावापासून सुरुवात केली. मला वाजवता येत नव्हतं, पोरं मागं लागून हसत होती, काही जणांना वाटलं दत्ताशेटचं डोकं फिरलं. बायको दारात आली आणि आत गेली. किसनराव खाटेवरून उठू शकत नव्हते; त्यांच्या खिडकीशी दोनदा सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सगळ्यांत शेवटी खालचं गाव. पार तोच. माणसं जमली, त्यांत त्या दिवशीची बरीच होती. बाई त्यांच्या अंगणात होत्या, पारावरून दिसत होत्या. त्या आल्या नाहीत. मी बोलावलंही नाही.

डफड्यावर काठी मारली आणि म्हणालो —

"ऐका. कौसल्याबाईनं हैदराबादले खालचाच उतार सांगितला व्हता. नकाशावर बोट मी ठेवलं, वरच्या उतारावर. कोनालेच न सांगता. मंग याच पाराखाली बाईले उभं केलं, तवा मी खरं बोललो नाही. बाईनं कोनाचा पैसा घेतला नाही. सुनंदाची शाळा माह्यामुळं सुटली. कौसल्याबाई, मी तुमचा गुन्हेगार हाव. साऱ्या गावापुढं तुमची माफी मांगतो."