म्हात्रे मॅडम आणि फेल केलेला बोर्ड

म्हात्रे मॅडम गेल्या, आणि मला आधी आला तो राग.

अजून काम बाकी होतं हो.

आज सकाळी, सानपाड्याला, राहत्या घरी. हार्ट अटॅक. जुईनगरहून कंपनीत निघतच होते, तेवढ्यात फोन आला. तशीच जिन्यात बसले.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मॅडम तळोज्याच्या आमच्या छोट्याशा कंपनीत डिझाइन हेड. आम्ही वायरलेस रेडिओचे बोर्ड बनवतो आणि आमचं रोजचं भांडण एकाशीच, फेज नॉइजशी.

आरतीत सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात चालू असतात आणि एखादे काका कणभर मागेपुढे होतात ना, तसंच. सिग्नलचा ठेका हलतो. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की हे हलणंही वाढतं आणि पलीकडे डेटा पोचतो तो तुटका.

मॅडमनी हा ठेका सरळ करण्यात आयुष्य घातलं.

यंदा किनाऱ्यावरच्या टॉवरसाठी मोठी ऑर्डर येणार होती. मालकांनी सरळ सांगितलेलं, "बोर्ड पास झाला तर ठीक. नाहीतर डिझाइन सेक्शन बंद. तयार माल बाहेरून आणू."

म्हणजे आम्ही सगळे घरी.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये पूजा असते. मीटर, सोल्डरिंग गन, बोर्ड, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. पूजेचा मान मॅडमचा.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि कस्टमरचे साहेब तपासणीला आले. बोर्ड लावला. स्क्रीन बघितली. सुट्टीआधी छान खाली बसलेला नॉइज लिमिटच्या वर गेलेला!

मालक मागे उभे. शेवटी तेच साहेबांना चहाला घेऊन गेले. जाताना मॅडमकडे असं बघितलं की बस.

मॅडमनी बोर्डवरचं पत्र्याचं झाकण काढलं.

आत, ठेका देणाऱ्या ऑसिलेटरला कंट्रोल करणाऱ्या नाजूक लाइनवर, कुंकवाचं बोट. पूजेच्या दिवशी झाकण उघडं होतं. दमट हवेत ओलसर राहिलेल्या कुंकवातून करंट पाझरत होता, आणि ठेका बिघडत होता.

"कोनी लावला ह्यो?" मॅडम कडाडल्या. टेन्शन आलं की त्यांची गावची आगरी बाहेर यायची.

माझ्या शेजारच्या बेंचवर काम करणारा समीर हळूच म्हणाला, "मॅडम, पूजा तुम्हीच केलीत."

"मेला माझा हात!"

बोर्ड साफ केला, वाळवला, परत लावला. नॉइज झकास खाली. समीर तर नाचायचाच बाकी होता. "वायर लूज होती म्हणून सांगू मॅडम. कुणाला कळतंय?"

मॅडम हसल्या नाहीत. "बोटभर कुंकवानं बिघडला. टॉवरवर खाऱ्या हवेनं नाय बिघडनार?"

साहेब परत आले. मॅडमनी दोन्ही रीडिंग त्यांच्यासमोर ठेवली. कुंकवाचंही सांगितलं.

साहेब म्हणाले, "पण आत्ता पास होतोय की."

"होतोय. टिकणार नाही. आज पास करू नका."

मालकांचा चेहरा सांगायला नको.

मी मात्र गप्प बसले नाही. बाहेर आल्यावर भांडलेच. "मॅडम, मला घर चालवायचंय!"

"मना पन," त्या म्हणाल्या आणि परत लॅबमध्ये गेल्या.

साहेबांनी एक चान्स दिला. तेव्हापासून मॅडम झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. ती लाइन हलवली, वरून कोटिंग दिलं, खाऱ्या वाफेत बोर्ड ठेवून परत परत मोजला. आम्हाला ओरडल्या, आमच्या डब्यातलं खाल्लं, परत ओरडल्या.

सोमवारी फायनल तपासणी आहे.

आत्ताच मालकांचा फोन आला. आवाज बसलेला. "तारीख पुढे मागून घेऊ का? त्यांच्याशिवाय जमेल तुम्हाला?"

मी म्हटलं, "नको. समीर आणि मी जातो."

बोलून बसले खरी. पास होईलच असं छातीठोक सांगता येत नाही. फेल झालो तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, तेही माहीत नाही.

मॅडम, जे रीडिंग येईल तेच साहेबांसमोर ठेवू.

आपल्यात जा म्हणत नाहीत.

या, मॅडम.